टिटवीचा तोतया

अडतीस वर्षांतून एकदा येणाऱ्या, आणि आला की जेमतेम चाळीस मिनिटं थांबणाऱ्या पाहुण्याशी बोलायचा सराव करायचाय. तो करायचा कुणाबरोबर?

बारा वर्षांची निरू दोन दिवस या कोड्याशी झटत होती. तिचं पूर्ण नाव निर्झरा शेवाळे, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत यायचं. करंजवाडीच्या पठारावर शाळेची विज्ञानखोली होती. खोलीच्या मागं आभाळाकडे तोंड करून एक जुनी, अजस्र तबकडी (दूरचे रेडिओ-संदेश पकडणारी अँटेना) बसलेली होती. येत्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी निरूला त्या तबकडीतून टिटवीशी बोलायचं होतं.

ही टिटवी पक्षी नव्हती. दुधाच्या मोठ्या कॅनएवढं ते एक यान होतं. २०३१ साली पुण्यातल्या एका लहानशा संस्थेतल्या अकरा जणांनी ते बनवलं आणि सोडलं. सूर्याभोवतीच्या लांबट वाटेनं टिटवी पार युरेनसच्या पलीकडे जाते आणि अडतीस वर्षांनी पुन्हा पृथ्वीजवळून जाते. वाटेत काढलेली सगळी चित्रं तिच्या स्मृतीत साठलेली होती. तिचा आवाज इतका बारीक, की लांबून ती पाठवणं तिला जमत नसे. पृथ्वीजवळ आली, की तेवढ्यात काय ते मागून घ्यायचं.

आता २०६९ साल होतं. ती संस्था कधीच बंद झाली होती. जगातली मोठी केंद्रं चंद्राच्या आणि मंगळाच्या वाहतुकीत गढलेली. एका जुन्या कॅनसाठी वेळ कुणाला होता? शेवटी विज्ञानाच्या नदाफ बाईंनी अर्जांवर अर्ज करून शाळेच्या तबकडीसाठी परवानगी मिळवली, आणि टिटवीला हाक मारायचं काम निरूकडे आलं. कारण त्या अकरा जणांतले एक तिचे आबा होते.

टिटवी यानंतर येणार होती ती २१०७ मध्ये. आबा पासष्ट वर्षांचे होते. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण वजाबाकी निरूलाही येत होती.

"आबा, माझी 'हाक' लिहून झाली," ती बुधवारी शाळेतून आल्या आल्या म्हणाली. 'हाक' हे तिच्या प्रोग्रॅमचं नाव. जावास्क्रिप्टमध्ये (आबांच्या तरुणपणापासून टिकून राहिलेल्या एका संगणकभाषेत) तिनं तो लिहिला होता. "पण ती बरोबर चालते का, हे कळणार कसं? टिटवी तर रविवारी येणार. चुकलं तर चुकलंच!"

"आधी चहा," आबा म्हणाले.

आबांचं सगळं चहापासून सुरू व्हायचं. घराला आग लागली तरी हे आधी चहा म्हणतील, असं आजी म्हणायची.

दोन कप ओट्यावर ठेवून आबांनी विचारलं, "मला नोकरी कशी लागली, सांगितलंय का तुला?"

"नाही."

"संस्थेत फोन करून जागा आहे का, एवढंच विचारायचं होतं. पण मला फोनवर बोलायची अशी धास्ती, की तोंडाला कोरड पडायची. मग माझी अक्का म्हणाली, मी होते संस्था, तू कर मला फोन. ती आतल्या खोलीत, मी ओसरीवर. मी म्हणायचो, हॅलो. कधी ती म्हणायची, बोला. कधी म्हणायची, साहेब बाहेर गेलेत. कधी अर्ध्यातच फोन ठेवून द्यायची. आणि कधी नुसती गप्प! मी हॅलो हॅलो करत बसलोय आणि ती आत तोंडावर पदर धरून हसतेय."

"मग खरा फोन केलात तेव्हा?"

"पलीकडून एक बाई खेकसल्या, आत्ता नाही, नंतर करा. दुसरा कुणी असता तर परत फोन केला नसता. पण अक्का यापेक्षा वाईट वागली होती! मी तासाभरानं पुन्हा केला. त्या खेकसणाऱ्या बाई म्हणजे मालन काळोखे. पुढं बारा वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं."

मालनताईंचं नाव निरूला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी आपला जुना लॅपटॉप आबांकडे पाठवला होता, चार्जर रुमालात बांधून. सोबत चिठ्ठी होती, 'टिटवी आली की लागेल.'

आबांनी कपाटातून तोच लॅपटॉप काढला. सुरू व्हायला त्याला एवढा वेळ लागला, की निरूचा चहा संपला.

"तुझी अक्का यात आहे," आबा म्हणाले. "हे बघ. टिटवी म्हणजे एक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे विचारलं की उत्तर पाठवणारा संगणक. तुझी हाक विचारणार, 'चित्रांची यादी दे.' टिटवी यादी देणार. हाक म्हणणार, 'सातवं चित्र दे.' टिटवी चित्र देणार. बरोबर? आता हाकेला टिटवी दिसते का?"

"नाही. तिला फक्त उत्तर दिसतं."

"मग तेच उत्तर त्याच पद्धतीनं दुसऱ्या कुणी दिलं तर?"

"तर... तर हाकेला कळणारच नाही!"

"मालननं तेच केलं. टिटवीचं सोंग घेणारा एक छोटा सर्व्हर लिहिला. विचारलेलं ओळखायचं आणि ठरवून ठेवलेलं उत्तर द्यायचं, एवढंच त्याला येतं. ना त्याला कॅमेरा, ना तो कधी अवकाशात गेला. आम्ही त्याला तोतया म्हणायचो."

"तोतया म्हणजे लबाड ना?"

"लोकांना फसवायला निघालेला तोतया लबाड. हा आधीच सांगतो की मी तोतया आहे, आणि मग तुझी परीक्षा घेतो."

निरूच्या हाकेत एका ओळीत पत्ता लिहिलेला होता, कुणाला विचारायचं त्याचा. आबांनी तिला फक्त ती ओळ बदलायला लावली. टिटवीच्या जागी तोतयाचा पत्ता. बाकी एका अक्षरालाही हात लावायचा नाही. "रविवारी ही एकच ओळ परत फिरवायची. ज्या हाकेनं सराव केला, तीच खरी मारायची," ते म्हणाले.

मग निरूनं चाचण्या लिहिल्या. चाचणी म्हणजेही एक छोटा प्रोग्रॅमच. तो हाकेला कामाला लावतो आणि जे यायला हवं ते आलं का, हे स्वतःच तपासतो. आलं तर पडद्यावर हिरवी खूण, नाहीतर लाल. यादी मागितली की यादी मिळते का, ही एक चाचणी. चित्र मागितलं की पूर्ण चित्र साठवलं जातं का, ही दुसरी. अशा तिनं तेवीस लिहिल्या. एक बटण दाबलं की तेवीसच्या तेवीस आपोआप चालणार.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि तेवीसच्या तेवीस लाल.

"आबा!"

"तोतया उठलाय का अजून?" आबा बिनघोर होते. "त्याला जागं व्हायला वेळ लागतो. तू दार वाजवून मोकळी झालीस, तो अजून अंथरुणातच."

तेव्हा निरूनं क्रम पक्का केला. आधी तोतयाला उठवायचं. 'तयार आहे' असा त्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं. मगच चाचण्या सोडायच्या. त्या चालतील तोवर तोतया शेजारी जागा राहील. संपल्या की त्याला निजवायचं, नाहीतर पुढच्या वेळी नवा तोतया उठेल तेव्हा जुना दार अडवून बसलेला असतो. हेही तिला एकदा आपटूनच कळलं. हा सगळा क्रम तिनं त्या एका बटणात बसवला.

शुक्रवारी वीस खुणा हिरव्या होत्या. तीन लाल.

त्या तीन काही केल्या हटेनात. शनिवारी सकाळी निरूनं तोतयाच्या पोटात डोकावून पाहिलं. तिथं उत्तरांच्या फाइली होत्या, आणि त्यात 'रुसवा' नावाचा एक कप्पा. कप्प्यात तीन उत्तरं. एकात संकेत सात (म्हणजे यान दुसऱ्या कामात आहे) आणि पुढं मालनताईंनी लिहिलेलं, 'आत्ता नाही. कपडे वाळत घालतेय. नऊ सेकंदांनी ये.' दुसऱ्यात अर्धंच चित्र आणि 'हात भरून आले. बाकीचं मग.' तिसऱ्यात उत्तरच नव्हतं, नुसती शांतता. वर शेरा होता, 'बोलत नाही जा.'

निरूला हसू आलं. या तर गमती! कामाच्या ठिकाणी कुणी थट्टेत घालून ठेवलेल्या. तिनं तिन्ही उत्तरं पुसली, तिथं चांगली, पूर्ण उत्तरं ठेवली आणि बटण दाबलं.

तेवीस हिरव्या!

ती नाचतच बाहेर गेली. आबांनी तिची पाठ थोपटली, नदाफ बाईंना फोन झाला, आजीनं शेंगदाण्याची चिक्की काढली. संध्याकाळी आबा चष्मा पुसत लॅपटॉपसमोर येऊन बसले. तपासायला नव्हे.

"मालनचा रुसवा वाचावा म्हटलं जरा," ते म्हणाले. "तिच्या हातचं एवढंच काय ते उरलंय. रोज चार वाजता कँटीनमधून कांदाभजी आणायची आणि बशी मांडीवर घेऊन हे लिहायची. आम्ही म्हणायचो, मालन, टिटवी कशाला रुसेल? तर म्हणायची, अरे दिगंबर, अडतीस वर्षं एकटी राहून आलेली बाई तुमच्याशी पहिल्या हाकेला गोड बोलेल, असं वाटतंच कसं तुम्हाला?"

ते कप्पा शोधत राहिले. निरूनं हातातली चिक्की खाली ठेवली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "रुसवा मी पुसला."

आबांचा हात थांबला.

"मला वाटलं, गंमत आहे. त्याच तीन लाल होत्या... ते पुसल्यावर सगळ्या हिरव्या झाल्या."

आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर निरूला बरं वाटलं असतं. मग त्यांनी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं.

"हाक सुधारली का तू?"

"नाही."

"मग बदललं काय?"

"तोतया."

"हं. म्हणजे परीक्षकाला लाच दिलीस आणि पास झालीस." आबा किंचित हसले. "मालननं ही उत्तरं थट्टेच्या भाषेत लिहिली, पण एकही थट्टेखातर लिहिलं नाही. टिटवी तिची तबकडी वळवत असेल तर म्हणेल, आत्ता नाही. तिचा आवाज मध्येच तुटेल, तर अर्धं चित्र येईल. निरोप वाटेतच हरवला तर येईल शांतता. खऱ्या टिटवीला तू सांगू शकतेस का, बाई गं, आज जरा रुस? नाही. पण तोतयाला सांगता येतं. त्याच्याकडून गोड उत्तरं घेण्यापेक्षा हा उपयोग मोठा आहे."

निरूचे डोळे भरून आले. "आता ते परत कुठून आणू? ते तर गेलं."

"लिही," आबा म्हणाले.

आणि डोळे मिटून ते सांगू लागले. संकेत सात. आत्ता नाही. कपडे वाळत घालतेय. नऊ सेकंदांनी ये... एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सांगताना त्यांचा आवाजही थोडा बदलला, जरासा खेकसल्यासारखा. निरू टाइप करत राहिली. एवढ्या वर्षांत आबांनी हे मनात किती वेळा म्हटलं असेल, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

बटण दाबलं. वीस हिरव्या, तीन लाल. आज ते लाल तिला पहिल्यांदाच खरं वाटलं.

मग खरं काम सुरू झालं. तिची हाक 'आत्ता नाही' ऐकली की गोंधळून बंद पडत होती. निरूनं तिला शिकवलं की उत्तरात जेवढे सेकंद सांगितलेत तेवढं थांबायचं आणि पुन्हा विचारायचं.

"नऊ सेकंद म्हणून नऊच लिहू नकोस हं," आबा म्हणाले. "आमचा दिवस थांबण्यात जाऊ नये म्हणून मालननं नऊ ठेवलेत. टिटवी तिच्या मनाप्रमाणे सांगेल."

एक लाल हिरवी झाली. अर्धं चित्र आलं, की आलेलं टाकून द्यायचं नाही, जिथं तुटलं तिथून पुढचं मागायचं. दुसरी हिरवी. शांतता मात्र जेवणाची वेळ झाली तरी सुटेना आणि आजीनं पडदाच मिटवला. रविवारी सकाळी न्याहारीच्या आधी ती सुटली. तीस सेकंद वाट पाहायची, पुन्हा हाक मारायची, पाच वेळा तरी; तोतया तिसऱ्या हाकेला बोलला. पाचव्या वेळीही गप्पच असेल तर पडद्यावर तसं स्पष्ट सांगायचं, उगाच ताटकळत ठेवायचं नाही.

तेवीस हिरव्या. यावेळी कुणी नाचलं नाही.

दुपारी विज्ञानखोलीत तिघंच होते, निरू, आबा आणि नदाफ बाई. तबकडी कुरकुरत वळली. निरूनं ती एक ओळ बदलली. तोतयाचा पत्ता काढला, टिटवीचा घातला. चार वाजून दहा मिनिटांनी तिनं बटण दाबलं. हाक पंधरा लाख किलोमीटर जाणार होती. जायला पाच सेकंद, उत्तर यायला पाच.

दहा सेकंद झाले. वीस. तीस.

"गेलं वाटतं," बाई कुजबुजल्या.

हाकेनं पुन्हा हाक मारली. यावेळी दहाव्या सेकंदाला पडद्यावर एक कोरडी ओळ उमटली, 'संकेत ७. ९०.'

"हे काय? बंद पडलं का, निर्झरा?"

"नाही बाई," निरू हसत म्हणाली. "कपडे वाळत घालतेय. नव्वद सेकंदांनी ये म्हणाली."

बाईंना काही कळलं नाही. आबांनी मात्र तोंड खिडकीकडे फिरवलं.

नव्वद सेकंदांनी टिटवीनं यादी दिली. निरूनं ती वाचली आणि चमकली. तोतयाच्या यादीत चित्रं एकपासून सुरू व्हायची. ही शून्यापासून होती.

"आबा, शून्य नंबर? हे तोतयाला माहीत नव्हतं!"

"तोतयाला तेवढंच माहीत असतं, जेवढं तो लिहिणाऱ्याला माहीत असतं," आबाही पुढं झुकले. "शून्य कधी काढलं, मलाही आठवत नाही."

निरूच्या हाकेत नंबर ठरवून लिहिलेले नव्हते. यादीत असेल ते मागायचं, आणि सगळ्यांत लांबून काढलेलं सगळ्यांत आधी, असं तिनं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती अडली नाही. चित्रं येऊ लागली. युरेनसच्याही पलीकडून मागं वळून पाहिलेला सूर्य, मोहरीच्या दाण्याएवढा. मग काळोखात निळसर हिरवा युरेनस. मध्ये तीनदा आवाज तुटला, तीनदा हाकेनं तुटलेल्या जागेपासून पुढचं मागितलं. नदाफ बाई एकेक चित्र आलं की टाळी वाजवायच्या आणि मग गप्प व्हायच्या.

चार सत्तेचाळीसला एकच चित्र उरलं. शून्य. त्याच्यापुढं अंतर लिहिलं होतं, शून्य किलोमीटर.

ते सावकाश, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागलं. आधी छताचा पंखा दिसला. मग कॅलेंडर. मग दोन डोकी. एका तरुणाचे दाट काळे केस, आणि शेजारी एक बाई, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून पाहणारी.

"मालन," आबा म्हणाले.

निघण्याआधी टेबलावर टिटवीचा कॅमेरा तपासताना काढलेला तो फोटो होता. अडतीस वर्षं टिटवी तो घेऊन फिरत होती. मालनताईंचे खांदे आले, हात आला, हातातल्या बशीची कड आली, आणि चार पन्नासला आवाज थांबला. टिटवी वळली होती.

"बशीत काय होतं, दिसलंच नाही," निरू हळहळली.

"मला दिसलं," आबा म्हणाले.

पुढचा आठवडाभर निरू मालनताईंच्या लॅपटॉपवर बसलेली असायची. खऱ्या टिटवीनं दिलेली सगळी उत्तरं तिनं तोतयाला शिकवली. नव्वद सेकंद, शून्यापासूनची यादी, तीन ठिकाणी तुटलेला आवाज. खरी बदलली की तोतयालाही बदलावं लागतं, नाहीतर पुढच्याचा सराव खोटा होतो, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती. २१०७ साली ती पन्नास वर्षांची असेल. कदाचित तेव्हा बटण दाबणारं कुणीतरी वेगळंच असेल, आणि त्याला हे सगळं पहिल्यापासून समजावं, म्हणून तिनं प्रत्येक उत्तरापुढं नीट शेरे लिहिले.

"रुसवा ठेवलास ना?" आबांनी मागून येऊन विचारलं.

"तसाच ठेवलाय. शिवाय माझा एक घातलाय."

आबांनी चष्मा वर ढकलून वाचलं. संकेत सात. त्यापुढं निरूनं लिहिलं होतं, 'आत्ता नाही. आधी चहा.'